आत्याचा कापलेला अंतरा

आत्याचं गाणं मी पोरांना नाचायला नव्यानं करून दिलं. आयुष्यात याहून नालायक काम मी केलेलं नाही.

माझी आत्या लग्नाआधी कँटोन्मेंटातल्या एका हॉटेलात बँडबरोबर गायची. तिचं एक गाणं तिथं फार गाजलं होतं. लोक पुढ्यातलं ताट सोडून नाचायला उठायचे. नव्वदच्या दशकात तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गळ्यात नुसती कुजबुज उरली. त्या गाण्याची एकच कॅसेट मल्लेश्वरमच्या आमच्या घरात होती. कुणी चुकून पुसू नये म्हणून आत्यानंच तिच्या कडेचे प्लास्टिकचे तुकडे मोडून ठेवले होते.

मी तेव्हा पबांतल्या दुपारच्या पार्ट्यांत गाणी लावायचो. कॉलेजच्या पोरांना जुनं चालायचं, पण धावतं हवं. मग काय, दोन डेक जोडले, वेग वाढवला, मुखड्यातले चार शब्द पॉजचं बटण दाबदाबून पुन्हापुन्हा घेतले आणि खाली कीबोर्डचे ठोके भरले. दोन्ही अंतरे उडवले. अंतरा आला की पोरं बसून घेतात, हा आमचा अनुभव. पार्टीसाठी स्वच्छ कॉपी हवी होती, रविवार, दुकानं बंद. आत्याची कॅसेट चांगल्या जातीची. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरच उतरवलं. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

वर हौसेनं तिला पार्टीला घेऊन गेलो. पोरं बेफाम नाचली. आत्या माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, माझ्या गाण्याला जुलाब झालेत का?" हसली, मग वाट बघत राहिली.

"अंतरा कधी येणार?"

"कापला गं."

"सरी, ठीक आहे. घरी माझं नीट लाव."

 घरी पोचल्यावर सांगितलं, मूळ गाणं पुसलं गेलं. वाटलं, कानाखाली देईल. द्यायला हवी होती. ती पलंगावर बसली.

"मग ते चार शब्द तरी लाव. ठोके काढून."

"ठोके निघत नाहीत, आत्या."

 मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिनं स्वतःच अंतरा धरला. ओठ हलत होते, मांडीवर ताल चालू होता. मला हवेशिवाय काही ऐकू आलं नाही. दोन्ही अंतरे तिनं पूर्ण केले.

"ऐकलास ना?" ती म्हणाली. "आता तूच लक्षात ठेव."

मी हो म्हणालो.