नथ्थूमामा गाडी धुवून देतात

उसनी नेलेली वस्तू मोडून आणणाऱ्या माणसाशी भांडता येते. दारात उभा राह्यला का त्याले दोन शब्द सुनवायचे, मोकळं व्हायचं. पण जो माणूस वस्तू नेल्यापेक्षा चांगली करून आणते, त्याचं काय करावं, हे मले आजवर कोणी सांगतलं नाही. आमच्या मेडशीत असा एकच माणूस आहे, अन् तो नेमका माह्या भिंतीले भिंत लावून राह्यते.

नथ्थूमामा. नात्यानं माहे मामा नाहीत, पण अख्खी आळी त्याईले मामाच म्हणते. साठी ओलांडली, बायको जाऊन बरेच वर्षं झाले, एकुलती एक लेक अंजू लग्न होऊन गेली. उसन्या वस्तूच्या बाबतीत या माणसाचा कायदा कडक. वाटीभर साखर नेली त वाटी रिकामी येणार नाही. दोन वांगे येतीन, मूठभर मुरमुरे येतीन, काहीच नसलं त अंगणातले चार फुलं. फावडं नेलं, धार लावून आणलं. दोर नेला, त्याच्या गाठी सोडून, धुवून, वाळवून आणला. उज्ज्वला, म्हणजे माही बायको, एकदा म्हणे, "मामाले घरच उसनं देऊन टाका, रंगवून देतीन." लय हसलो तवा. मंग त्याईनं मोटारसायकल मागतली.

अंजूचं सासर आतल्या गावात, तिथं एसटी जात नाही. नवरा पुण्याले कंपनीत, घरी ती अन् तिची म्हातारी सासू. त्यात तिले सातवा महिना लागलेला. मामा दर इतवारी माही गाडी नेत, लेकीले भेटत, संध्याकाळी वापस आणत. धुवून.

सारी बोंब तिथंच होती. मामा सरळ विहिरीवर जात, तापलेली गाडी उभी करत, मोटर चालू करत अन् पाइपाच्या तोंडाले अंगठा लावून असा फवारा मारत का चिखल सोडा, रंगही निघून जावा. हँडलच्या बटनावर, चावीच्या भोकात, सीटखाली बॅटरीवर, प्लगवर. कष्टाळू माणूस, काहीच सोडत नसत. गाडी दारात लावली का आरशासारखी चमके. मी म्हणो, "मामा, कायले त्रास घेतला?" ते म्हणत, "त्रास कायचा गा."

त्रास सोमवारी सकाळी सुरू होये. आमचा मळा भाजीचा. मेथी, पालक अन् सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. मालेगावच्या बाजारात भाजीचा हर्रास, म्हणजे लिलाव, उजाडता उजाडता होते, उशिरा आलेल्या मालाले कोणी हात लावत नाही. जुड्या ओल्या पोत्यात बांधून मी गाडीवर लादो, बटन दाबो. टक. पुन्हा दाबो. टक. किका मारून मारून पिंढऱ्या भरून येत. एका सोमवारी त गाडी चालू होईना, पण हॉर्न आपोआप सुरू झाला अन् बंदच होईना. अख्खी आळी दारात. मामाही आले, अन् म्हणतात काय, "आवाज खणखणीत आहे गा गाडीचा." मी दातओठ खात वायर उपटली. त्या दिवशी बाजारात पोचलो तवर हर्रास उठला होता, सांबार घरी आणून बकऱ्याईपुढे टाकला.

अशफाकभाई आमचे मेकॅनिक. प्लगच्या टोपणातलं पाणी झटकून ते म्हणाले, "धुतल्यानं गाडी नाही बिघडत भाऊ, फवाऱ्यानं बिघडते. इंजन थंड होऊ द्या. बटनाले, चावीले प्लास्टिक बांधा. सायलेन्सरच्या तोंडात कापड कोंबा. मग्यानं पाणी सोडा, फडक्यानं पुसा, अन् पुरी वाळल्याशिवाय चालू करू नका. ज्यानं धुतली त्याले सांगा ना हे."

सांगा म्हणे. अवघड जागचं दुखणं अन् जावई डॉक्टर, तशी गत. माणूस वाईट असता त सांगतलं असतं. तरी एकदा जीव धरून म्हटलं, "मामा, पुढच्या वेळी धुवू नका, राहू द्या." त्याईनं माह्याकडे असं पाह्यलं जसं मी त्याईले चोरी करा म्हणून राह्यलो. "मागून नेलेली वस्तू मळकी देऊ? लोक काय म्हणतीन?"

मंग एका सोमवारी डोकंच फिरलं. भर पालकाचा माल, गाडी मेलेली, अन् मामा समोरून बकेट घेऊन चाललेले. चार लोकाईसमोर बोललो मी. "तुमच्या धुण्यानं माह्या पोटावर पाय आला मामा. मळकी देत जा, नाही त नेऊच नका."

मामानं हातातली बकेट खाली ठेवली, उचलली अन् गेले.

पुढच्या इतवारी आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. गाडी रोज सकाळी एका बटनात चालू होये, हर्रासात माहा माल पहिला लागे, अन् मले मात्र कशाचंच सुख नाही. मामा दिसले का मान खाली घालून जात. एक दिवस उज्ज्वलाले अंजूचा फोन आला. "बाबाचा गुडघा लय दुखते का वं? येऊनच नाही राह्यले." मामाचा गुडघा ठणठणीत होता. त्याईनं लेकीले खोटं सांगतलं होतं, कारण मळकी गाडी वापस देणं त्याईच्यानं होणार नव्हतं.

मले इतका राग आला का सांगता येत नाही. त्याईचाही अन् माहाही. तसाच गाडी घेऊन त्याईच्या दारात गेलो. "चला विहिरीवर. धुवायचं कसं ते दाखवतो. शिका, अन् इतवारी लेकीकडे जा."

मामा आले. बटनाले, चावीले प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दाखवल्या, कापड कोंबून दाखवलं, मग्यानं पाणी सोडून दाखवलं. ते सारं पाहत होते. मंग म्हणाले, "बैल धुतानी आमी कानात पाणी जाऊ देत नव्हतो. हिलेही कान आहेत म्हण ना. इतकंच होतं त आधी काहून नाही सांगतलं?"

मी पिशव्या त्याईच्या हातात देल्या अन् घरी आलो.

इतवारी मामा गाडी घेऊन गेले. अंधार पडता पडता आणली, तेही ढकलत. विहिरीपासून घरापर्यंत ढकलत आणली होती, वाळल्याशिवाय चालू करायची नाही म्हणून. घामानं चिंब, पण चेहरा पाहण्यासारखा.

सोमवारी सांबार लादला, बटन दाबलं. इंजन फिरे, पण धरेना. किक मारली. नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाही. मनातल्या मनात मामाच्या सात पिढ्या काढल्या. प्लग पाह्यला, कोरडा. बटनं कोरडी. सारं कोरडं ठणठणीत. शेवटी मागं बसकण मारली अन् समोर सायलेन्सरच्या तोंडात कापडाचं टोक दिसलं. चांगलं घट्ट कोंबलेलं. ढकलत आणली, मंग कळणार कसं?

कापड ओढलं, गाडी एका किकेत चालू झाली. तवा हँडलले लटकलेल्या गाठोड्याकडे लक्ष गेलं. मी देलेल्या पिशव्या, धुतलेल्या, घडी घातलेल्या. पण रिकाम्या नव्हत्या. वरच्या पिशवीत मुरमुऱ्याचे चार लाडू होते, अंजूच्या हातचे.

उज्ज्वला दारातून म्हणे, "जा, सांगून या मामाले, कापड काढत जा म्हणून."

"तूच सांग," म्हटलं, अन् लाडू तोंडात घातला.

तीही गेली नाही. आता दर सोमवारी मी गाडीवर माल लादायच्या आधी सायलेन्सरमधी बोट घालून पाहतो.