काबरी आली का गं?

बल्बसुद्धा काढून नेला हो बायडाबाईनं! चौसाळ्यातलं तिचं घर आमी घेतलं, चावी हातात आली, आत पाय टाकला तर मिट्ट अंधार. भिंतीतल्या खुंट्या उपटलेल्या, मोरीतला धुण्याचा दगड गायब, मागच्या दाराची कडीसुद्धा न्हाई. आमचे हे म्हणाले, "बरंय, भिंती तरी ठेवल्या." माझं डोस्कं फिरलं होतं.

एक चीज मात्र तिला नेता आली न्हाई. काबरीची सवय.

काबरी म्हणजे तिची शेळी. गावातल्या शेळ्या सकाळी एकत्र चरायला जातात, सांजच्याला आपापल्या दारात वळतात. कुणी हाकावं लागत न्हाई. पहिल्याच सांजंला काबरी सरळ आमच्या अंगणात! माझ्या ताज्या सारवणावर लेंड्या टाकून दारात ओरडत उभी. मागून धापा टाकत बायडाबाई.

"काबरी आली का गं, वनमाला?"

"आली की! दुसरीकडं कुठं जाती?" मी फणकारले.

मग रोजचंच झालं. तिच्या लेकानं, लखननं बीडला प्लॉट घेतला, त्याच्यासाठीच तिनं हे घर इकलं. पण त्याच्या तिथल्या भाड्याच्या खोलीत शेळी बांधायला जागा न्हाई, म्हणून ही गावातच, दुसऱ्या टोकाला भावाच्या खोलीत राहिली. शेळी न्यायला आली की लवकर हलायची न्हाई. अंगणातून आत बघायची. "चूल कावून हलवली? तिथं धूर डोळ्यात जात नव्हता." "त्या कोपऱ्यात पाणी झिरपतं, ध्यान ठेव." "हितंच माझा लखन रांगायला शिकला."

आत या, चहा घ्या म्हणलं की मान हलवायची. घर सोडताना चार बायांदेखत बोलून बसलती, "इकलं ते इकलं. आता ह्या उंबऱ्याला माझा पाय लागणार न्हाई." लई मानी बाई! पण शेळीच्या मागं येणं येगळं, त्यात कुणी काय म्हणणार? यायची, डोळे भरून घर बघायची, आन जाताना शिव्या शेळीला. "मेले, घर बदललं आपलं, कळत कसं न्हाई तुला?"

आधी मला लई राग यायचा. पुढं पुढं शेळी आली की मीच गल्लीकडं बघायला लागले, बाई कावून आली न्हाई अजून म्हणून.

मग काबरी व्याली. दोन करडं झाली. आता तिला कशाला आठवतंय जुनं दार! रानातून सुटली की भरल्या आचळांनी धूम ठोकायची ती थेट करडांकडं. बायडाबाई दिसायची बंद झाली. लेंड्या झाडायचं काम वाचलं म्हणून मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण सांज झाली की घरात करमेना.

परवा गिरणीवरून दळण घेऊन तिच्या खोलीवरनं आले. काबरी बांधलेली, करडं लुचत होती. बायडाबाई बाजूला बसलेली, पण तोंड आमच्या गल्लीकडं. मी घरी येऊन डबा खाली ठेवते न ठेवते तोच अंगणातून आवाज आला.

"काबरी आली का गं, वनमाला?"

हातात रिकामी दोरी. माझ्याकडं बघतच न्हाई, बघती माझ्या मागं, आतल्या भिंतीकडं. खरं बोलले असते तर बिचारी त्याच पावली माघारी गेली असती, आन पुन्हा कदी आली नसती.

"न्हाई अजून, मावशी," मी म्हणलं. "येईलच आता. तवर आत येऊन बसा."

ती जरा वेळ दोरीशीच चाळा करत राहिली. मग चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला, आन आत आली.

मी चहा टाकला. काबरीची वाट बघत आमी दोघी बसलो.