शोरूममध्ये वाचलेली फातिहा

इजिप्तमधल्या मन्सुऱ्याच्या जुम्हूरिया रस्त्यावरच्या शोरूममध्ये बय्यूमी शरनूबी एकतीस वर्षं गाड्या विकत होते. आता ते गाड्या देतात. दोन्हींत फरक काय, असं विचारलं तर म्हणतात, "सोयरीक जुळवणारा आणि मांडवात सरबत वाटणारा, यांच्यात असतो तोच."

ते काही साधुसंत नव्हते. गाड्यांची टंचाई असायची त्या वर्षांत गिऱ्हाइकाला दोनच वाटा असत. सहा महिने थांबा, नाहीतर वरचे पैसे द्या आणि आज गाडी न्या. वरचे किती, हे बय्यूमी समोरच्याचे बूट पाहून ठरवत. त्यातला वाटा त्यांना मिळे, आणि त्यावरच दोन मुलींची लग्नं झाली. पण सौदा पक्का करायला हात पुढे करून गिऱ्हाइकाबरोबर फातिहा, म्हणजे कुराणातली पहिली सूरा, वाचली, की आकडा हलत नसे. एका वर्षी पौंड रातोरात घसरला आणि किमती चढल्या, तरी फातिहा वाचलेल्या चार गाड्या त्यांनी शोरूमच्या तेव्हाच्या मालकांना जुन्याच भावाने द्यायला लावल्या.

"बय्यूमी, तुझ्या फातिहेपायी मी भिकेला लागेन!" मालक ओरडले होते.

"लागलात तर लोक भीक तरी विश्वासाने घालतील."

ते मालक वारले. गेल्या जानेवारीत कंपनीने विक्रीची पद्धतच बदलली. गाड्या शोरूमच्या राहिल्या नाहीत, कंपनीच्या झाल्या. देशभर एकच किंमत, ती फोनवर, आणि बुकिंगही तिथेच. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिली की शोरूमला ठरलेला मेहनताना. सात विक्रेत्यांपैकी दोघं उरले आणि त्यांच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'मार्गदर्शक' आलं. शहरात कोणी हळहळलं नाही. वरचे पैसे भरून पोळलेले लोक खूश होते, आणि त्यांचं काही चूक नव्हतं.

"हाजी, किंमत आता तुम्ही बोलायची नाही," मालकांचा मुलगा नादर म्हणाला. "कोणी विचारलं तर फोन दाखवा."

"आणि मी काय करू?"

"हसा."

मार्चमधल्या एका गुरुवारी अब्ला एन्आम, म्हणजे एन्आम बाई, आल्या. अर्ध्या मन्सुऱ्याला गणित शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका, बय्यूमींच्या दोन्ही मुली त्यांच्याच हाताखालून गेलेल्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना मायक्रोबसची पायरी चढवत नव्हती. काचेजवळ एक लहान चांदीरंगी गाडी उभी होती. अब्लांनी टायरला लाथ मारून पाहिली नाही, सल्ल्याला कुणाला बरोबर आणलं नव्हतं. दार उघडून आत बसल्या आणि दुखरा पाय आत घेता येतो का, एवढंच पाहिलं. गाडी विकली गेली, हे बय्यूमींना तेव्हाच कळलं.

"फोनवर दिसते तीच किंमत ना, हाजी?"

"तीच."

"पैसे माझ्या भावाकडे आहेत. रविवारी आणते. तोवर वाढणार नाही?"

"माझ्या तोंडून ऐकलंत ना?"

"तुमच्या तोंडाने किती लोकांचे खिसे कापलेत, माहीत आहे मला."

"कापलेत, अब्ला. पण फातिहेनंतर कुणाकडून एक पैसा जास्त घेतलाय?"

"तेवढं खरं. वाचा मग."

दोघांनी उभ्याउभ्या फातिहा वाचली आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले.

चूक तिथे झाली. एकतीस वर्षं काचेमागची गाडी विकणं बय्यूमींच्या हातात होतं, त्या सवयीने हात पुढे गेला. त्याच दिवशी चारच्या सुमाराला ती गाडी दमिएता शहरातल्या एका माणसाने फोनवर घेतली. त्याने ती पाहिलीही नव्हती. शनिवारी किंमत पस्तीस हजार पौंडांनी वाढली.

बय्यूमी नादरकडे गेले. "अब्लांना दुसरी द्या, जुन्या भावाने."

"कोण देणार? मी? माझ्याकडे आता चाव्या अडकवायचा खिळा आहे, हाजी. किंमत नाही."

"तुझ्या बापाने दिली असती."

"बापाच्या स्वतःच्या गाड्या होत्या."

तरी त्याने कंपनीला फोन लावून दिला. पलीकडच्या मुलीने गोड आवाजात सगळं ऐकून घेतलं आणि बुकिंगचा क्रमांक विचारला. फातिहेला क्रमांक नसतो.

आमच्याकडे फातिहा मोडत नाहीत. पाळता येत नसेल तर समोर बसून सोडवून घेतात. रविवारी बय्यूमी बसबूसाचा डबा घेऊन अब्लांचे तीन जिने चढले. अब्लांचा भाऊ शौकी तिथेच बसला होता.

"हाजी, मिठाईसुद्धा फोनवरून धाडायची ना," तो म्हणाला. "जिन्याचा त्रास कशाला?"

अब्लांनी चहा ठेवला. "किंमत वाढलेली फोनवर दिसली, म्हणून गाडी मी कालच बुक केली. पस्तीस हजार जास्त भावाने. दहा मिनिटं लागली."

"मग मला मोकळं करा, अब्ला."

"नाही."

"माझ्या हातात काही नव्हतं हो. कंपनीने—"

"कंपनीशी मी काय भांडू? तिला तोंड आहे का? तिने मला आभाराचा संदेश पाठवला, नावासकट. शब्द तिने दिलाच नव्हता, तुम्ही दिलात. या सगळ्यात मला धरता येईल असे तुम्ही एकटेच आहात."

"वरचे पस्तीस हजार मी भरतो. हळूहळू का होईना."

"तुमचे पैसे नकोत मला. शब्द दिलात, तो राहू दे तुमच्यावर."

"सोड गं," शौकी आता नरमला होता. "म्हातारा माणूस आहे."

"मी काय तरुण आहे?"

डबा तसाच परत आला.

त्यानंतर बय्यूमींनी शोरूममध्ये फातिहेसाठी कुणापुढे हात केला नाही. किंमत विचारली की ते फोनकडे बोट दाखवतात. हसणंही जमायला लागलंय, असं नादर म्हणतो.

मे महिन्यात अब्लांची गाडी आली. बय्यूमींनी सीटवरचं प्लास्टिक काढलं, गुडघ्याला जागा मिळावी म्हणून सीट मागे सरकवली आणि चावी दिली. अब्लांनी ती घेतली. सही झाल्यावर टॅबच्या पडद्यावर प्रश्न आला, की मार्गदर्शकाला किती स्टार? त्यांनी चष्मा नाकावर ओढला आणि एकेक करत पाच दाबले. गाडी सुरू करून, मान न वळवता त्या निघून गेल्या.

"पाच!" नादरने पडदा दाखवला. "अब्ला खूश झाल्या. मिटलं बघा, हाजी."

"स्टार दिले," बय्यूमी म्हणाले. "सोडलं नाही."