आधी कच्चं दाखव

प्रकाशरावांचा फोन आला तेव्हा मी पाथरीच्या आमच्या बी-बियाण्यांच्या दुकानात एका गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होतो. "दादा, वनिता गेली," एवढंच ते म्हणाले. बायको गेल्याचं माणूस याहून जास्त काय सांगणार... माझी धाकटी बहीण ती. किडनीच्या दुखण्यानं तिला पार पोखरलं होतं, पण आदल्या दिवशी दवाखान्यात भेटलो तेव्हाही आजाराबद्दल चकार शब्द नाही. तिच्या वेबसाइटवर शिकणाऱ्या पोखर्णीच्या दीक्षाचा चित्रकलेच्या कॉलेजला नंबर लागतो की नाही, याचीच तिला काळजी. यादी लागायला अजून अवकाश होता आणि वनिताला तेवढा धीर नव्हता, असंच मी म्हणतो. लहानपणापासून ती तशीच घाईची.

लोकांना वाटतं, वेबसाइट म्हणजे पुण्या-मुंबईच्या थंडगार ऑफिसातला उद्योग. आमच्या वनीची वेबसाइट एका फजितीतून निघाली. बारावीनंतर तिनं मुंबईच्या कला महाविद्यालयात मुलाखतीला जायचं ठरवलं. तिथं स्वतःच्या कामाचा संच न्यावा लागतो, त्याला पोर्टफोलिओ म्हणतात, हे आमच्या घरात तेव्हाच कळलं. आमच्याकडे जे जपायचं ते लॅमिनेट करायचं, मग मार्कमेमो असो की जातीचा दाखला. अण्णा मोठ्या अभिमानानं पोरीची निवडक चित्रं स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे घेऊन गेले आणि सगळी चकचकीत करून आणली. मुंबईत ट्यूबलाइटखाली ती अशी चमकली की परीक्षकांना चित्राऐवजी दिवाच दिसायला लागला. ते म्हणाले, "बाळ, हे झालं पक्कं. तुझं कच्चं काम कुठंय? चुकलेलं, खोडलेलं?" कच्चे कागद तर आईनं स्वयंपाकघरात तेला-मिठाच्या डब्यांखाली अंथरले होते! नंबर लागला नाही. अण्णांनी कित्येक दिवस त्या झेरॉक्सवाल्याचं तोंड पाहिलं नाही, जसा काही त्याचाच गुन्हा. पुढच्या वर्षी वनी डब्यांखालचे तेच तेलकट कागद उचलून मुंबईला गेली आणि प्रवेश घेऊनच परत आली.

शिकून पुण्यात ती मोबाइलच्या ॲपचे पडदे आखण्याचं काम करायची. लग्नानंतर परभणीला आली आणि मनातलं बोलली. शहरातल्या पोरांना पोर्टफोलिओ करून घ्यायला क्लास आहेत, आपल्या पोरांना मोबाइलवर तरी कुणी सांगावं. वेबसाइटचा कोड लिहायला परभणीचाच एक वर्गमित्र मिळाला, पण सगळी आखणी हिची. आणि त्या आखणीची परीक्षा कुठं, तर माझ्या दुकानात! पुठ्ठ्याचा मोबाइल करून, त्यावर पेन्सिलीनं बटनं काढून ती माझ्यापुढं ठेवायची. मी बोट लावलं की ती खालचा कागद सरकवून पुढचा पडदा दाखवायची. "दादा, बटन दाबायलास का म्हैस हाकायलास? हळू की जरा." बियाणं न्यायला आलेली माणसंही बोट लावून बघायची. ज्याला कळलं नाही त्याला ती कधी हसली नाही, त्याच्यासमोर तो पडदा फाडून दुसरा काढायला बसायची. "दादाला जमलं म्हंजी जगात कुनालाबी जमतंय," हे मात्र सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सांगायची.

त्यात तिनं एक नियम केला. पोरांनी वेबसाइटवर आधी कच्चं काम टाकायचं, त्याशिवाय पक्क्या चित्राची खिडकी उघडतच नाही. पालकांनी तक्रारी केल्या, पोरांचं घाण काम कशाला जगाला दाखवायचं म्हणून. मीही दुकानदारी शहाणपण शिकवलं, "वने, गिऱ्हाईक पळून जाईन."

"पळू दे. पन माझ्यावानी कुनी मुंबईहून रडत येऊ नये."

दीक्षानं आधी सिनेमातल्या नट्या आणि मोर पाठवले होते, सगळे नकलून. वनितानं फोन करून तिला घराबाहेर पडून डोळ्यांपुढचं चित्र काढायला लावलं. मग पोरीनं पोखर्णीच्या देवळाबाहेरची नारळाची दुकानं काढली, कापूस वेचणाऱ्या आईचे हात काढले. बोटं जमेनात, म्हणून खोडखोड केलेली पानंच्या पानं. वडील गवंडी, सरळ माणूस. त्यांनी वनिताला स्पष्टच सांगितलं होतं, "ताई, या वर्षी बघतो. नंबर न्हाई लागला तर नर्सिंगला टाकतो. मंग तुमी मधी पडू नका." डायलिसिसच्या खाटेवर एका हातात सुई आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून वनिता तिची पानं बघायची. नर्सबाई रागवायच्या. ही त्यांनाच विचारायची, "बघा बरं, अंगठा जमलाय का?"

परवा यादी लागली. दीक्षाच्या वडिलांचा फोन आला, पण त्यांनी तो लगेच पोरीच्या हातात दिला. तिनंच बातमी सांगितली. मी दुकानात एकटा, आनंदानं वेडा झालेलो, आणि ज्या माणसाला सांगायचं ते माणूसच नाही. फार एकटं वाटलं मला. मग मी एका खोक्याच्या पुठ्ठ्यावर समोरचा तराजू काढला, वेडावाकडा. फोटो काढून वेबसाइटवर टाकला. कच्चं चित्र टाकलं की तिथं वनितानं आधीच भरून ठेवलेला तिचा आवाज येतो. प्रकाशराव म्हणत होते, ऐकवत नाही, काढून टाकू का. मी त्यांना हात लावू दिला नाही.

"हं... बघितलं बरं का. चुकलंय ते खोडू नको. पुढचं काढ."

"वने," मी मोठ्यानं म्हणालो, "दीक्षाचा नंबर लागला गं."

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं. "कुनाशी बोलायलाव, शेठ?"

"बहिणीशी," मी म्हणालो.