मान हलवली, एवढंच

वॉर्डात शिरलो की नातेवाईक मला बघून उठून उभे राहतात. माझ्याबरोबरची पोरं एकोणीस-वीस वर्षांची, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. माझे कानावरचे केस पांढरे झालेत, चष्मा आहे, पोटही थोडं सुटलंय आणि वर पांढरा कोट. मी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आहे हे लोकांना कळणार कसं? पहिल्या आठवड्यात गेटवरच्या वॉचमननेही मला सलाम ठोकला होता. पोरं खूप हसली. त्याच दिवशी त्यांनी मला 'काका' करून टाकलं, आणि मला ते वाईट वाटलं नाही.

पुढचं लिहावं की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. कॉलेजचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, त्यांची नव्हती.

आधी मी अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर अठरा वर्षं क्लार्क होतो. हंगामात उसाची गाडी काट्यावर चढायची. मी काचेच्या आत, ड्रायव्हर बाहेर. ट्रॅक्टरवर गाणी लावलेली, मागच्याचा हॉर्न चालू, त्यामुळे एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे. आकडा स्थिर झाला की मी मान हलवायचो आणि गाडी पुढे सरकायची. दिवसातून शेकडो वेळा. तोंडावर सगळे साहेब म्हणायचे, पण रांगेतला एखादा मागून ओरडायचा, "नंदी, मान हलव बाबा, बैलं उभी राहून थकले." मला माझं हे दुसरं नाव माहीत होतं. पण एक सांगतो, त्या मानेला वजन होतं. मी मान हलवली म्हणजे झालं, असं लोक धरून चालायचे. 'मला माहीत नाही' असं म्हणायची वेळ काट्यावर येत नाही. आकडा समोर असतो.

डॉक्टर व्हायचं कसं सुचलं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मुलगी प्रवेश परीक्षेची तयारी करत होती. ड्यूटीवरून आलो की मी तिचं जीवशास्त्राचं पुस्तक हातात घेऊन तिला प्रश्न विचारायचो. बारावी सायन्स मी कधीकाळी केलं होतं. आमच्या घरात तिथपर्यंत पोचलेला मीच पहिला आणि तिथेच थांबलेलाही मीच. दुसऱ्यांदा मार्क कमी पडल्यावर मुलगी म्हणाली, मला हे जमणार नाही, मी बी.कॉम. करते. ती मोकळी झाली. पुस्तकं मात्र कपाटात गेली नाहीत. मी ती वाचतच राहिलो. वयाची अट आता राहिली नाही हे पेपरात वाचलं, तेव्हा मी कुणाला काही बोललो नाही. फॉर्म भरल्यावर बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "इतके दिवस मला वाटत होतं, तुमी पोरीसाठीच वाचून राह्यले." दुसऱ्या प्रयत्नात नंबर लागला. राजीनामा दिला. कारखान्याचं क्वार्टर सोडावं लागलं. बायको आणि मुलगी अंबडला दोन खोल्यांत राहायला गेल्या. बायको ब्लाउज शिवते, तिच्या मशीनवर घर चालतं. मी नापास होणं किंवा कॉलेजमध्ये माझ्याविरुद्ध तक्रार होणं म्हणजे काय, हे त्यामुळे मला रोज माहीत असतं.

त्या वेळी आमची पाळी हाडांच्या वॉर्डात होती. खिडकीजवळच्या खाटेवर एक म्हातारे चाचा होते, धावड्याकडचे, धंद्याने नालबंद. बैलांना नाल ठोकण्यात आयुष्य गेलेलं. ओट्यावरून घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. पाय सरळ राहावा म्हणून त्याला दोरीने वजन लटकवलेलं होतं. त्यांची मुलगी चाळिशीची असेल, वॉर्डात ती दिवसभर पदराने चाचांना वारा घालायची. बापाशी घरच्या उर्दूत बोलायची आणि आमच्याशी मराठीत.

मंगळवारी सकाळी मी इतरांच्या आधी वॉर्डात गेलो. लवकर जायची सवय काट्यावरचीच. मुलगी माझ्याकडे आली. रात्री बापाजवळ तिचा भाऊ होता, तो रक्ताची सोय करायला रक्तपेढीत गेला होता आणि ती नुकतीच पहिल्या बसने आली होती, दोघांची गाठ पडली नव्हती. ती म्हणाली, "साहेब, अब्बा रातच्यापासून उपाशी हायेत. चक्कर येऊन राह्यली म्हणतात. जराशी चहा दिली तर चालतं न?"

चाचांचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं, हे मला माहीत नव्हतं. ऑपरेशनआधी पोट रिकामं लागतं, हे मात्र मी शिकलो होतो. रातच्यापासून उपाशी, हे शब्द ऐकून तरी माझ्या डोक्यात काही वाजायला हवं होतं. सिस्टरांचं टेबल दहा-बारा पावलांवर होतं. विचारलं असतं तर अर्धं मिनिट लागलं असतं. पण ती माझ्याकडे अशा विश्वासाने बघत होती, की मला माहीत नाही हे म्हणायला माझं तोंडच उघडेना.

मी मान हलवली.

चहा आणि दोन टोस्ट. नंतर भूल देणारे डॉक्टर तपासायला आले, त्यांनी सकाळपासून काही खाल्लंय का म्हणून विचारलं आणि चाचांनी खरं ते सांगितलं. चहा दुधाचा होता, आणि पोटात काही असताना भूल देता येत नाही. ऑपरेशन पुढे ढकललं. त्या वॉर्डाचे ऑपरेशनचे दिवस आठवड्यातून दोनच, म्हणजे आता शुक्रवार. तीन दिवस तो मोडलेला पाय तसाच राहणार होता.

तोपर्यंत आमची सगळी तुकडी आली होती. मी पोरांच्या मागे उभा होतो. सिस्टर मुलीला रागावत होत्या, रात्री भावाला बजावून सांगितलं होतं, तुम्हा लोकांना कितीदा सांगायचं, असं. त्यांचंही चुकत नव्हतं. मुलगी हळू आवाजात म्हणाली, "एका डॉक्टरांना विचारलं होतं, बाई."

"कोणत्या डॉक्टरांना? दाखवा मला."

तिने वॉर्डभर नजर फिरवली. ती माझ्यावर आली आणि थांबली. मला आता वाटतं, तेव्हाच मी पुढे व्हायला हवं होतं. मी माझ्या वहीत बघितलं. वहीत त्या पानावर काही लिहिलेलं नव्हतं.

"इथं न्हाई दिसत," ती म्हणाली.

त्या दिवशी दोन लेक्चर झाली, त्यातलं मला काही आठवत नाही. दुपारी वॉर्डावरून जाताना चाचांचं कण्हणं दारापर्यंत ऐकू आलं. मी आत गेलो नाही. मनाशी हिशेब मात्र मांडत राहिलो, की तिने सांगितलं नाही, म्हणजे कुणालाच कळणार नाही. शुक्रवारी ऑपरेशन होईल, चाचा घरी जातील. माझी दोन वर्षं, बायकोची मशीन, हे सगळं एका चहावरून का पणाला लावायचं?

संध्याकाळी बायकोला फोन केला. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण बोलता बोलता सांगून बसलो. मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने एकच विचारलं, "ते म्हातारबाबा जास्ती दुखून राह्यलं म्हणतात का?"

मी म्हणालो, मला माहीत नाही, मी आत गेलोच नाही.

"मंग पहिले ते बघून या," ती म्हणाली, "बाकीचं मागून." तिने फोन ठेवून दिला.

मी लगेच गेलो नाही, हेही खरं लिहायला हवं. बुधवारी सकाळी गेलो. चाचांजवळ जायच्या आधी आमच्या वॉर्डाच्या निवासी डॉक्टर बाईंना गाठलं. त्या माझ्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांनी लहान, पण मी त्यांना मॅडम म्हणतो आणि त्या पोरांचं ऐकून मला काका म्हणतात. चहा द्यायला मीच होकार दिला, एवढं एका दमात सांगितलं. त्या लिहीत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काका, ती पोरं मला दिवसातून वीस वेळा माहीत नाही म्हणतात. मी ओरडते त्यांच्यावर. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. मला वाटायचं तुम्ही अभ्यास करून येता."

त्यांनी मला विभागप्रमुखांकडे नेलं. तिथे जास्त बोलणं झालं नाही. ही पाळी धरली जाणार नाही, सुट्टीत पुन्हा करायची, असं सांगितलं गेलं. आणि पेशंटला व नातेवाइकांना मी स्वतः सांगायचं, मॅडम बरोबर उभ्या राहतील. मी बाहेर आलो. पहिली गोष्ट पार पडली होती, पण दुसरी जास्त अवघड होती.

मुलगी मला बघून नेहमीसारखी उभी राहिली. मी म्हणालो, बसा ताई, मी डॉक्टर नाही. मी इथे शिकतोय, दुसऱ्या वर्षाला आहे. काल तुम्ही विचारलं तेव्हा मला माहीत नव्हतं आणि तरी मी मान हलवली. तुमची काही चूक नाही. चाचांचे हे तीन दिवस माझ्यामुळे वाढले.

तिने आधी मॅडमकडे बघितलं, खरं आहे का म्हणून. मग माझ्या केसांकडे. मी विचारलं, काल तुम्ही मला दाखवून का दिलं नाही?

"मला वाटलं, तुमी सगळ्यात मोठे," ती म्हणाली. "मोठ्या डॉक्टरावर बोट दाखवलं, तर मंग अब्बाला कोन बघनार?"

काल दिवसभर मी समजत होतो की तिने मला वाचवलं. ती मला भीत होती.

चाचा डोळे मिटून पडले होते, झोपले असतील असं मला वाटलं होतं. ते मुलीला उर्दूत काहीतरी म्हणाले आणि मग मान माझ्याकडे वळवली. "तुमी आधी काय करत होते?"

मी वजनकाट्याचं सांगितलं. हंगामात आपणही कारखान्यांच्या तळांवर नाल ठोकायला फिरलोय, असं ते म्हणाले. मग जरा थांबले. बोलताना त्यांना पाय दुखत होता, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाल ठोकताना मासात खिळा गेला न्हाई, असा नालबंद न्हाई. माझाबी गेल्ता, लई बैलांचा. पन मालकाला तिथंच सांगायचं आन खिळा उपसायचा. न्हाई सांगितलं तर बैल चालत जातो घरी. चार दिसानं बसतो." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमी एक दिस लेट केला."

"हो," मी म्हणालो.

माफ केलं, असं काही ते म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही, मागायचं धाडस नव्हतं. त्यांना पाठीखाली उशी सरकवून हवी होती. मी हात पुढे केला, पण तसाच थांबवला आणि मॅडमकडे बघितलं. त्यांनी कशी सरकवायची ते दाखवलं, मग मी सरकवली.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. मी आत नव्हतो, ती पाळी माझी राहिली नव्हती. लेक्चर संपल्यावर वॉर्डाच्या दाराशी गेलो. चाचांना परत आणलं होतं, नाकाला ऑक्सिजनची नळी होती. दोघंही भावंडं तिथे होती. भावाने माझ्याकडे पाठ फिरवली, आणि ते बरोबरच होतं.

मुलगी दारापर्यंत आली. या वेळी ती साहेबासाठी उठून उभी राहिल्यासारखी उभी नव्हती, नुसती उभी होती. तिने विचारलं, "अब्बा पानी मागून राह्यले. देऊ का?"

मान हलायला लागली होती. मानेत ते अठरा वर्षं बसलेलं आहे, ते एका आठवड्यात जाणार नाही.

"मला माहीत नाही," मी म्हणालो. "थांबा, विचारून येतो."

सिस्टरांचं टेबल दहा-बारा पावलांवर होतं. मी तिकडे निघालो.