मलेशियाचा व्हिसा आणि आईच्या कपाळावरचे चार टाके

मंडळी, आज व्हिसाच्या टिप्स विचारायला आलो नाहीये. वाचून शिव्या घालायच्या तर घाला.

सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधली नोकरी गेली. आता पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतो, म्हणून मलेशियाच्या रिमोट वर्क व्हिसाचा अर्ज इथूनच भरला होता. इथली माझी राहण्याची मुदत संपत आलीये. आज सकाळी ईमेल आला: पासपोर्टचं पान डागाळलंय, खुलाशासकट अर्ज पुन्हा भरा.

पुण्याहून आलेल्या आईने पासपोर्ट देवापुढे ठेवून आतल्या पानाला ओलं हळदीकुंकू लावलं होतं. स्कॅन करताना मीही बघितलं नव्हतं.

मी किंचाळलो. खुर्ची लाथाडली. पूजेचं ताट उधळलं. आई म्हणाली, "अरे, तुझं काम व्हावं म्हणून..." मी स्टीलचा तांब्या उचलून फेकला. नेम भिंतीवर होता, असं दुपारपासून स्वतःला सांगतोय. खोटं आहे ते.

घराजवळच्या, वुडलँड्सच्या क्लिनिकमध्ये चार टाके पडले. डॉक्टरने विचारलं, "आंटी, कसं लागलं?"

आई म्हणाली, "बाथरूम. स्लिप."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पोलिसांत गेलं असतं तर तुझा व्हिसा अडकला असता."

आता अर्ज पुन्हा भरतोय. त्यात विचारलंय, तुमच्या हातून कधी गुन्हा घडलाय का? आई शेजारी बसून म्हणतेय, "'नाही'वर टिक कर."

करू का?