कझानचं पाणी

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या पाड्यावरच्या पोरांना दिल्ली कुठे आहे ते धड सांगता येत नसे, पण कझान कुठे आहे ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. व्होल्गा नदीच्या काठी, जिथे कझान्का तिला मिळते तिथे. ही सगळी करणी महादू रोकडे गुरुजींची.

गुरुजी शहापूरकडचे, बौद्ध. त्र्याण्णव साली बदलून आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. त्यातलंच एक जाडजूड, कव्हर फाटून गेलेलं. रशियाचं राज्य मोडलं तेव्हा तिकडची मराठीत छापलेली पुस्तकं कल्याणच्या फुटपाथवर किलोने विकत होते, तिथे त्यांना ते सापडलं. तातार लोकांचा आणि त्यांच्या राजधानीचा, कझानचा, इतिहास. त्यात एवढं काय आहे, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "जिंकणाऱ्यांच्या गोष्टी सगळीकडे असतात गो. ह्यात हरलेल्यांची पण आहे."

शनिवारी सकाळची शाळा सुटायच्या आधी ते अंगणात काठीने नकाशा काढत. शाळा म्हणजे किल्ला, कुंपण म्हणजे लाकडी तट, पुढचा ओढा म्हणजे कझान्का. सगळ्या पोरांना तातारच व्हायचं असे. शेवटी ज्याने गृहपाठ केला नसेल त्याला गुरुजी झार करत. आमच्या वर्गातला मंगळू दोन वर्षं सलग झार होता.

गोष्ट आम्हाला पाठ होती. पंधराशे बावन्न साली रशियाच्या झार इव्हानने शहराला वेढा घातला. माणसं चिवट, शहर पडेना. त्यांचं पिण्याचं पाणी नदीकाठच्या एका झऱ्याचं, तटाखालच्या चोरवाटेने आणायचे. कामाई नावाचा त्यांच्यातलाच एक सरदार फितूर झाला आणि त्याने झारला तो झरा सांगितला. मग झारच्या माणसांनी खालून भुयार खणलं आणि अकरा पिंपं दारू भरली. "प्यायची नाय रे मंगळू, उडवायची!" चोरवाट उडाली. पुढे महिनाभरात शहर पडलं. "तोफा होत्या, सगळं होतं," गुरुजी म्हणत, "पण मी म्हणतो, ते तहानेनं पडलं." आणि लगेच पुढे, "पडलं, पण संपलं नाय. तातार अजून आहेत, बोली अजून आहे." दोन हजार पाचात कझानला हजार वर्षं झाल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा ह्या माणसाने मुरबाडहून पेढे आणून पाड्यात वाटले. कसले पेढे, ते ऐकून आमच्या म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली.

माझा भाऊ अनिल माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. शाळेत तो गुरुजींचा जीव की प्राण. कामाईचं नाव आलं की दात-ओठ खाऊन थुंकायचा. गुरुजी म्हणायचे, "हा पोरगा कधी कोणाला विकणार नाय."

आता आमच्या पाण्याचं सांगते. एप्रिल-मे महिन्यात विहिरी तळाला जातात, तेव्हा पाडा जगतो तो जंगलातल्या एका झिऱ्यावर. उंबराखाली दगडांच्या आड आहे. ते बायांचं पाणी. नवी सून आली की पाचव्या दिवशी सासू तिला तिथे नेते, उंबराला कुंकू लावते आणि शपथ घालते. मुलगी चौदाची झाली की आई नेते. पुरुषाने विचारायचं नाही आणि बाईने सांगायचं नाही. जी सांगेल तिच्या डोक्यावर पाड्यातली कुठलीच बाई हंडा चढवून देत नाही. भरलेला हंडा एकटीला चढवता येत नाही, हे ज्याने उचललाय त्याला माहीत आहे.

गुरुजी आले त्या वर्षी चार घरांनी जातीवरून नाक मुरडलं. माझ्या आईने, बाईजाने, कोणाला न जुमानता एप्रिलात रोज एक कळशी त्यांच्या दारात ठेवायला सुरुवात केली. तेरा उन्हाळे त्यांनी ते पाणी प्यायलं. कुठून आलं हे एकदाही विचारलं नाही. झऱ्याची गोष्ट जन्मभर सांगणारा माणूस, त्याला उत्सुकता नसेल का? होतीच. तरी विचारलं नाही.

अनिल पुढे मुरबाड-कल्याण जीप चालवायला लागला. जीपमधून मुंबईचे लोक जागा बघायला येत. दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर उंबराभोवतीची जागा एका फार्महाऊसवाल्याने घेतली. जागेचा आधीचा मालक बाहेरगावी राहणारा, त्याला काय पडलंय! तारेचं कुंपण झालं, उंबराच्या मुळाशी बोअर मारली. पुढच्या एप्रिलात आम्ही तारेखालून हात घालून बघितलं, तर झिऱ्यात नुसता चिखल.

बाया भडकल्या. शाळेच्या अंगणात सगळा पाडा जमला. फार्महाऊसवाल्याला अनिलच्या जीपमधून उतरताना धोंडीबाईने पाहिलं होतं. तिने अनिलला कॉलरला धरून विचारलं, "तुला कोनी दाखवला रं झिरा?"

अनिलने माझ्याकडे पाहिलं. मग गुरुजींकडे बोट केलं.

"यांनी. शाळेत नकाशा काढून दाखवला. आमी लहान होतो."

गुरुजी इतकंच म्हणाले, "अनिल, मी तिथे कधी गेलोच नाय रे."

पण नकाशा तर सगळ्यांनीच पाहिला होता. झऱ्याची गोष्ट सगळ्यांनीच ऐकली होती. "शेवटी बाहेरचाच," कोणीतरी म्हणालं, आणि तेरा वर्षं आमच्यात राहिलेला माणूस एका शब्दात बाहेरचा झाला.

अनिल खोटं बोलत होता. त्याला झिरा मी सांगितला होता. पंधरा वर्षांची होते, पायात काटा मोडून पाय सुजला होता, आई तापाने पडली होती, घरात थेंब नव्हता. मी त्याला वाट सांगून पाठवलं, शपथ घातली. भावावर नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा विश्वास? त्याने तो विकला, मेल्याने. आणि मी त्या अंगणात, जिथे दर शनिवारी कामाईला शिव्या घालत होते तिथेच, मान खाली घालून उभी राहिले. मला हंडा दिसत होता. दुसरं काही दिसत नव्हतं.

गुरुजींनी बदली मागून घेतली. मे महिन्यात निघाले, तेव्हा ट्रंक घेऊन आमच्या दाराशी थांबले. "बाईजाबाई, येतो." आई पाठ फिरवून आत गेली. आमच्या दारातून पाणी न पिता कोणी गेल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. माझ्या हातात भरलेला तांब्या होता. मी तो पुढे केला नाही. त्यांनी कव्हर नसलेलं पुस्तक ओट्यावर ठेवलं, म्हणाले, "पोरांना सांगत जा गो," आणि उन्हात एसटीच्या थांब्याकडे चालू लागले.

आता उन्हाळ्यात टँकर येतो. रांगेत उभं राहून आई अजून रोकडे गुरुजींच्या नावाने बोटं मोडते. घर बुडवलं म्हणते, गाव बुडवला म्हणते, आणि बोलता बोलता माझ्या डोक्यावर हंडा चढवून देते.